बसून काढलेला फोटो

टेकडीखालच्या बोर्डिंगात दरवर्षी मुलामुलींचा फोटो निघतो, तो सगळ्यांचा बसून. मागची रांगसुद्धा टेबलांवर बसते. कॅमेरा रोखलेला असताना इथे कुणी कुणासाठी उठत नाही.

यशोधरा कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर बोर्डिंग बघायला आली होती. बोर्डिंगातले म्हातारे लखूतात्या भिंतीवरच्या पिवळ्या फोटोसमोर सावकाश सांगत होते. तिला तो सावकाशपणा सोसवत नव्हता.

असं सांगतात, अस्पृश्यांच्या पोरांसाठी हे बोर्डिंग निघालं तेव्हा गावाने वर सरकारात कळवलं, इथे कुणी शिकत नाही, जागा काढून घ्या. मास्तरांनी ठरवलं, पुस्तकं घेऊन बसलेल्या पोरांचा फोटोच साहेबाला दाखवायचा. तेव्हा फोटो काचेवर उतरत, कॅमेऱ्याचं झाकण उघडं असेपर्यंत जराही हलायचं नसे, आणि फोटोवाल्याकडे दोनच काचा होत्या. पहिल्या वेळी कॅमेऱ्याचं झाकण निघालं आणि रस्त्याने पाटलाची घोडी आली. पोरं सवयीने उठली, जोहार घालायला वाकली. काचेवर रिकामी बाकं उमटली, वर पोरांच्या जागी नुसता धूर.

"मास्तर रडले म्हणे," तात्या म्हणाले. "मग एवढंच बोलले, आता देव आला तरी उठायचं नाही."

दुसरी काच लावली तोवर घोडी परतली. या खेपेला कुणी उठलं नाही. पाटलाच्या माणसांचा पहिला दगड आला. मग बरेच आले.

"आणि हे बसून राहिले?" यशोधरा म्हणाली. "उलट मारायचे होते. तुम्हा जुन्या लोकांना सोसण्याचंच फार कौतुक, तात्या."

"हलले असते तर पुन्हा बाकंच आली असती, पोरी."

तात्यांनी फोटोवर बोट ठेवलं. दगड खाताना थरथरल्यामुळे बाकीच्या पोरांचे चेहरे पुसट होते. मधल्या, गेनू नावाच्या पोराच्या मात्र पापण्या मोजता याव्यात.

"याच्या कानशिलात दगड बसला. झाकण लागल्यावर सगळे उठले. हा उठला नाही."

बोर्डिंगाची जागा राहिली.

आजही फोटोच्या वेळी कुणी बडा माणूस आला, तर त्याला तसंच ताटकळावं लागतं. काहींना ते खपत नाही.

त्या दुपारी पाहुण्या मुलींनाही रांगेत बसवलं होतं. फोटोवाल्याने हात वर केला, तेवढ्यात आमदारांची गाडी फाटकात थांबली.

"दिसत नाही का रे, साहेब आलेत," कुणीतरी ओरडलं.

यशोधराचे गुडघे आपोआप सरळ होऊ लागले. शेजारच्या मुलीने समोर बघतच तिची ओढणी घट्ट धरली. यशोधरा बसली. गाडीची दारं एकामागून एक उघडल्याचं तिला ऐकू आलं, मग खडीवर बऱ्याच जणांची पावलं. तिने मान वळवली नाही.