उजव्या हाताचा भरवसा

“...म्हणजे चर्चमधून नाव काढलं की देवही सुटला, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

हवालदार लेनार्टनं हे चढ्या आवाजातच विचारलं. अर्धा डोंगर बर्फातून चढून आला होता बिचारा. पायांचे तुकडे पडायची वेळ आली होती. आणि समोर फादर उल्रिक आपले शांतपणे चुलीत लाकूड सारत बसलेले.

“मी कुठं काय म्हटलं?” फादर म्हणाले. “मघापासून तूच बोलतोयस.”

खरं होतं ते. लेनार्ट ओशाळला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

याच फादरांनी लहानपणी कान पिळून त्याला प्रार्थना शिकवल्या होत्या. तेव्हा हा मठ संन्याशांनी भरलेला असायचा. आता मठात लष्कराचे घोडे बांधलेले. फादरांच्या वाट्याला मागची ही स्वयंपाकाची खोली, तीही सरकारची मेहेरबानी म्हणून.

उद्या सकाळी कवायतीच्या मैदानावर पलटण उभी राहणार होती. ज्याला चर्च सोडायचंय त्यानं एक पाऊल पुढं यायचं, उजवा हात वर करायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, ‘आजपासून माझं चर्चशी नातं नाही. माझी निष्ठा फक्त सर्वाधिकाऱ्यांशी.’

सक्ती? छे छे, सक्ती कसली! पुढं येईल त्याला गावाजवळच्या तळावर नेमणूक. मागं राहील तो पूर्वेच्या आघाडीवर. आणि पूर्वेकडून लेनार्टच्या गल्लीत अजून एकही जण परतला नव्हता.

घरी त्याची बायको रोझल, नुकतीच बाळंत झालेली. मुलगी झाली होती. लेनार्टला मरायचं नव्हतं, एवढीच काय ती गोष्ट.

“देव माझ्या मनात आहे, फादर. तिथून त्याला कोण काढणार? नावाचं काय घेऊन बसलात! तोंडानं म्हणायचं, मनाला लावून घ्यायचं नाही. झालं. तुम्ही फक्त ‘चालेल’ म्हणा.”

फादर चुलीकडं बघत राहिले.

“परवा तुमच्या पलटणीतले दोघं येऊन गेले,” ते म्हणाले. “त्यांनाही देव मनातच ठेवायचा होता.”

“मग? काय सांगितलंत त्यांना?”

“काही नाही. थकलोय रे मी.”

लेनार्टचं डोकंच फिरलं. “थकलात? आणि दर रविवारी सर्वाधिकाऱ्यांच्या आयुष्यासाठी प्रार्थना म्हणता, तेव्हा नाही थकत?”

बोलून गेला आणि जीभ चावली.

“तेव्हाच तर थकतो...” फादर म्हणाले. “तरी म्हणतो. नाही म्हटली तर ही खोलीसुद्धा जाईल. आता सांग, अशा माणसाच्या ‘चालेल’ला किंमत ती काय? तू एवढा डोंगर चढून आलास कशासाठी?”

लेनार्टला रडू फुटायचंच बाकी राहिलं. “मग मी विचारू तरी कुणाला?”

फादर उठले. फडक्यात गुंडाळलेला मोठा गोल पाव, मिठाची वाटी आणि सुरी त्यांनी त्याच्यापुढं ठेवली.

“भुकेला असशील. काप.”

लेनार्टनं पाव पुढं ओढला. पोरीबद्दल सांगायला लागला. नाक आजीवर गेलंय म्हणे, आणि मूठ इतकी घट्ट वळते की सोडवता सोडवत नाही. बोलता बोलता त्यानं पाव उलटा केला, सुरीच्या टोकानं त्याच्या पाठीवर एक उभी, एक आडवी रेघ ओढली आणि मग सरळ करून कापला. पहिला तुकडा फादरांपुढं धरला.

फादरांनी तो घेतला नाही.

“काय केलंस आत्ता?”

“पाव कापला.”

“त्याच्या आधी?”

लेनार्टनं तुकडा उलटून बघितला. अर्धा क्रूस तुकड्यावर आला होता, अर्धा पावावर राहिला होता. त्या खोऱ्यात घरोघरी हीच रीत. क्रूस काढल्याशिवाय पावाला सुरी लावायची नाही. का, ते कुणी कधी विचारलं नव्हतं. आई तसं करायची, म्हणून तोही करायचा.

“हे होय! हे आपोआप होतं. माझं लक्षही नव्हतं, फादर.”

“पलटणीत पाव कोण कापतं?”

“मीच.”

“तिथंही होतं आपोआप?”

लेनार्टचे कान लाल झाले. मागं एकदा जेवताना कॅप्टननं सगळ्यांदेखत विचारलं होतं, ‘काय हवालदार, पावावर नक्षी काढता वाटतं?’ सगळे खो खो हसले होते. तोही हसला होता. ते मात्र त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, रोझललाही नाही.

“नाही,” तो म्हणाला. “तिथं नाही होत.”

“ते कसं काय?”

“तिथं मी... डाव्या हातानं कापतो.”

“डाव्या?”

“तुकडे वेडेवाकडे पडतात, पोरं शिव्या घालतात. पण काय करू? उजव्याचा भरवसा नाही, फादर. मी नको नको म्हणेपर्यंत तो काढून मोकळा होतो!”

चुलीत लाकूड तडकलं. पलीकडं मठात एक घोडा खूर आपटत होता.



“उद्या कुठला हात वर करायचाय?” फादरांनी विचारलं.

“उजवा.”

फादरांनी आता त्याच्या हातातला तुकडा घेतला, मिठात टेकवला आणि तोंडाजवळ नेता नेता म्हणाले,

“मग मला काय विचारतोस, लेनार्ट? त्याला विचार.”