रावसाहेबांची शांत खोली

देणगीची पाटी मोठी झाली की माणसाला आपली अक्कलही मोठी वाटू लागते. रावसाहेब ढमढेऱ्यांचं तसंच झालं. त्यांनी स्वमग्न मुलांसाठी शाळा बांधली. फरशी आरशासारखी, दिवे डोळे दिपवणारे आणि नुसतं खोकलं तरी घुमणारा हॉल. मुलं कान दाबून ओरडू लागली. रेवती तर दाराच्या आत पाऊल टाकेना.

तिची आई इंदू रावसाहेबांच्या खोलीत गेली. तिथे ते देणगीदारांना चहा पाजत होते. खोलीत जाड पडदे, पायाखाली गालिचा आणि दिवा मंद.

"रावसाहेब, हॉलचा आवाज आणि उजेड पोरीला सोसत नाही."

"सवय लावा बाई! जग काय तिच्यासाठी कापूस अंथरून ठेवणार आहे? सोमवारी हॉलमध्ये बसली नाही, तर नाव काढून टाकीन."

"आणि ही खोली अशी का?"

"गोंगाटात माझं डोकं उठतं."

"मग सोमवारी तुम्ही हॉलमध्ये बसा, मुलं इथं बसतील. तुम्ही मोठे, शहाणे. तुम्हाला सवय लवकर होईल. झाली की निरोप धाडा, त्याच दिवशी पोरीला तिथे आणून बसवते."

देणगीदार हसले. त्यांच्यादेखत नाही म्हणायची सोय राहिली नाही.

सोमवारी रावसाहेबांचं टेबल हॉलमध्ये गेलं. तो आठवडा सरायच्या आत दिवे बदलायला आणि छताला आवाज शोषणारं अस्तर लावायला माणसं आली.

मुलं रडली तेव्हा मुलं हट्टी होती. रावसाहेबांचं डोकं उठलं, तेव्हा इमारत चुकीची ठरली.