टिल्ली मुंगीचं दार आणि काकूंचं खोकं

एक होती मुंगी. इवलीशी. लाल लाल. तिचं नाव टिल्ली.

टिल्लीचं घर कुठे? शालनकाकूंच्या घरात. खोलीच्या कोपऱ्यात. फरशीच्या फटीत. ती फट म्हणजेच टिल्लीचं दार. दाराच्या आत टिल्लीची आई.

एके दिवशी टिल्ली खाऊ आणायला गेली. तुरु तुरु तुरु. स्वयंपाकघरात तिला बुंदीचा दाणा सापडला. पिवळाधमक! टिल्लीने दाणा डोक्यावर घेतला. घरी निघाली. तुरु तुरु तुरु.

कोपऱ्यात आली. बघते तर काय? दारच नाही! दारावर बसलंय एक मोठ्ठं खोकं.

त्याचं झालं होतं असं. शालनकाकूंनी नवीन कॉम्प्युटर घेतला. दुकानातला माणूस आला. त्याने खोकं ठेवलं. धप्प! आणि गेला निघून. खाली कुणाचं दार आहे, हे बघतो कोण?

टिल्ली खोक्याच्या या बाजूला गेली. वाट नाही. त्या बाजूला गेली. वाट नाही. इतक्यात आतून बारीक आवाज आला.

"टिल्ली, आलीस का गं?"

"आले गं आई! पण दार उघडेना!"

टिल्लीचं तोंड एवढंसं झालं. पण ती रडत बसली नाही.

"खोकेदादा, खोकेदादा, हला ना! दार माझं उघडेना. आई आत, मी बाहेर!"

खोकं म्हणालं, "हलू? मी? माझं पोट बघ केवढं! पोटात कॉम्प्युटर आहे. कॉम्प्युटर निघाल्याशिवाय मी हलणार नाही. नाही म्हणजे नाही! जा बघू."

तुरु तुरु तुरु. टिल्ली खोक्यावर चढली. फटीतून आत शिरली. आत पांढरा पांढरा थर्माकोल. कुईं कुईं कुईं! थर्माकोलमध्ये कॉम्प्युटर. छान गुरफटून बसलेला.

"कॉम्प्युटरकाका, कॉम्प्युटरकाका, निघा ना! खोकं हलेना. दार माझं उघडेना. आई आत, मी बाहेर!"

कॉम्प्युटर म्हणाला, "मी निघून बसू कुठे? त्या टेबलावर? ते बघ किती ओलं! पाण्याचा एक थेंब माझ्या पोटात गेला, की मी फुस्स! टेबल सुकल्याशिवाय मी निघणार नाही. नाही म्हणजे नाही! जा बघू."

तुरु तुरु तुरु. टिल्ली गेली टेबलाकडे. टेबलावर पाणीच पाणी. कडेवरून खाली, टप टप टप.

"टेबलदादा, टेबलदादा, सुका ना! कॉम्प्युटर निघेना. खोकं हलेना. दार माझं उघडेना. आई आत, मी बाहेर!"

टेबल म्हणालं, "सुकू कसं बाई? माझ्या डोक्यावर तांब्या बसलाय. काठोकाठ भरलेला. जरा धक्का लागला की सांडतो. माझी आंघोळ चाललीय सकाळपासून! तांब्या उठल्याशिवाय मी सुकणार नाही. नाही म्हणजे नाही! जा बघू."

तुरु तुरु तुरु. टिल्ली टेबलाच्या पायावरून वर चढली. पाण्याच्या कडेकडेने गेली. तांब्या बसला होता ऐटीत. डुचुक डुचुक, डुचुक डुचुक.

"तांबेदादा, तांबेदादा, उठा ना! टेबल सुकेना. कॉम्प्युटर निघेना. खोकं हलेना. दार माझं उघडेना. आई आत, मी बाहेर!"

तांब्या म्हणाला, "अगं, मी पूजेचा तांब्या. नवी वस्तू घरात आली. तिची पूजा नको करायला? आधी नारळ फुटतो. मग मी उठतो. नारळ फुटल्याशिवाय मी उठणार नाही. नाही म्हणजे नाही! जा बघू."

आता कॉम्प्युटरच्या टेबलावर पाण्याचा तांब्या कुणी ठेवतं का? पण काकूंनी ठेवला होता. काय करता!

तुरु तुरु तुरु. टिल्ली गेली नारळाकडे. नारळ होता शेजारच्याच ताटलीत. डोक्यावर शेंडी. कपाळावर हळद-कुंकू.

"नारळभाऊ, नारळभाऊ, फुटा ना! तांब्या उठेना. टेबल सुकेना. कॉम्प्युटर निघेना. खोकं हलेना. दार माझं उघडेना. आई आत, मी बाहेर!"

नारळ म्हणाला, "ऐकलंत का! माझा मी फुटू? डोकं आपटून घेऊ? मला फोडणार शालनकाकू. काकूंनी फोडल्याशिवाय मी फुटणार नाही. नाही म्हणजे नाही! जा बघू."

तुरु तुरु तुरु. टिल्ली खाली उतरली. काकूंच्या पायापाशी गेली. काकूंनी पदर खोचला होता. हात होते ओले. हळद-कुंकवाने पिवळे, लाल.

"शालनकाकू, शालनकाकू, फोडा ना! नारळ फुटेना. तांब्या उठेना. टेबल सुकेना. कॉम्प्युटर निघेना. खोकं हलेना. दार माझं उघडेना. आई आत, मी बाहेर!"

काकू दचकल्या. "अगं बाई! कोण बोललं?"

काकूंनी वर बघितलं. मागे बघितलं. दाराबाहेर डोकावल्या. खाली मात्र बघितलं नाही.

"कोण का असेना! ते भिंतीवरचं बटण बघितलंस? चालू आहे. लाल दिवा पेटलाय. तयारी असावी म्हणून मीच लावलं, शहाणी मी! आता हात ओले. ओल्या हातांनी बटणाला शिवायचं नाही. आणि बटण चालू असताना इथे पाण्याचा खेळ करायचा नाही. बटण विझल्याशिवाय मी नारळ फोडणार नाही. नाही म्हणजे नाही! जा बघू."

तुरु तुरु तुरु. टिल्ली भिंतीवर चढली. वर, वर, आणखी वर. बटणापासून लांबच थांबली. लाल दिवा डोळे वटारून बघत होता.

"बटणताई, बटणताई, विझा ना! काकू फोडेनात. नारळ फुटेना. तांब्या उठेना. टेबल सुकेना. कॉम्प्युटर निघेना. खोकं हलेना. दार माझं उघडेना. आई आत, मी बाहेर!"

बटण म्हणालं, "थांब तिथेच! पुढे येऊ नकोस. मी काही खेळणं नाही."

"मी नाही हात लावत," टिल्ली म्हणाली. "मला ठाऊक आहे."

"गुणाची गं बाई! मला मोठ्या माणसाचा हात लागतो. तोही कोरडा. कोरडा हात लागल्याशिवाय मी विझणार नाही. नाही म्हणजे नाही! जा बघू."

"कोरडा हात कुणाचा?"

"ते काय, खुर्चीत. नानाआजोबा! काकूंचे सासरे. त्यांचे हात एकदम कोरडे ठाक. सकाळपासून कामच नाही केलं!"

तुरु तुरु तुरु. टिल्ली भिंतीवरून खाली आली. खुर्चीपाशी गेली. नानाआजोबांच्या तोंडावर वर्तमानपत्र. पोट वर, पोट खाली. घुर्रर्र... फुऽऽ! घुर्रर्र... फुऽऽ! वर्तमानपत्र उडायचं, पुन्हा तोंडावर बसायचं.

"नानाआजोबा, नानाआजोबा, जागे व्हा ना! बटण विझेना. काकू फोडेनात. नारळ फुटेना. तांब्या उठेना. टेबल सुकेना. कॉम्प्युटर निघेना. खोकं हलेना. दार माझं उघडेना. आई आत, मी बाहेर!"

घुर्रर्र... फुऽऽ!

"आजोबाऽऽ!"

घुर्रर्र... फुऽऽ!

टिल्लीने मोठ्ठा श्वास घेतला. पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. पार दम लागला बिचारीला. आजोबांनी काय केलं? कूस बदलली.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. अगदी बारीक.

"टिल्लीऽऽ! कुठे आहेस गं? मला काळजी वाटते गं!"

आता मात्र टिल्लीचे डोळे भरून आले. आई किती वेळ वाट बघतेय! आई एकटी. आई अंधारात. टिल्लीने डोळे पुसले. बुंदी खाली ठेवली. आजोबांच्या पायाचा अंगठा बघितला. गुबगुबीत होता.

टिल्ली अंगठ्यावर चढली. "माफ करा हं, आजोबा," असं म्हणाली. आणि चावली.

कट्ट!

"आई गंऽऽऽ!" नानाआजोबा ओरडले. वर्तमानपत्र इकडे. चष्मा तिकडे. आजोबा एका पायावर उभे. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक!

टिल्ली खाली उडी मारून म्हणाली, "तुम्हालाही आई हवी? मलासुद्धा!"

पण आजोबांचं लक्ष कुठे होतं? ते टुणुक टुणुक करत भिंतीपाशी आले. चष्मा उचलून लावला. लाल दिवा दिसला.

"अगं शालन! टेबलावर पाणी, आणि बटण चालू? कमाल आहे तुझी!"

"माझे हात ओले आहेत हो, नाना! तुम्हीच करा बंद."

आजोबांनी कोरडा हात पुढे केला. टक्!

आजोबा जागे झाले. बटण विझलं.

काकूंनी नारळ उचलला. खोलीच्या बाहेर नेला. पार अंगणातल्या पायरीवर. फट्टाक!

आजोबा जागे झाले. बटण विझलं. काकूंनी फोडला. नारळ फुटला.

तांब्या म्हणाला, "झाली पूजा! चला, उठतो." काकूंनी तांब्या उचलला. स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. हात धुतले. हात पुसले. मग कोरडं फडकं आणलं. टेबल वरून पुसलं, खालून पुसलं. फस फस, फस फस!

आजोबा जागे झाले. बटण विझलं. काकूंनी फोडला. नारळ फुटला. तांब्या उठला. टेबल सुकलं.

टेबल म्हणालं, "हुश्श! संपली एकदाची आंघोळ!"

मग आजोबांनी खोकं उघडलं. थर्माकोल ओढला. कुईं कुईं कुईं! कॉम्प्युटर केवढा जड! एका बाजूने आजोबा. दुसऱ्या बाजूने काकू. हळू... हळू... ठेवला टेबलावर. मग त्याचा पडदा ठेवला. मग वायरी लावल्या. जाड वायर जाड जागी. बारीक वायर बारीक जागी.

"ही जाईना हो, नाना!"

"मग जोर करू नकोस. तिची जागा दुसरी असेल. बघ नीट."

काकूंनी नीट बघितलं. वायर गेली. कुट्ट!

आता खोकं झालं रिकामं. पोट आत गेलं. काकूंनी ते एका हाताने उचललं.

आजोबा जागे झाले. बटण विझलं. काकूंनी फोडला. नारळ फुटला. तांब्या उठला. टेबल सुकलं. कॉम्प्युटर निघाला. खोकं हललं. आणि टिल्लीचं दार उघडलं!

टिल्लीने बुंदी डोक्यावर घेतली. धूम पळाली. तुरु तुरु तुरु तुरु तुरु! दार आलं. आलंच!

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "नाना, खोकं टाकायचं नाही हं. कधी दुरुस्तीला न्यायची वेळ आली तर लागेल. होतं तिथेच ठेवते."

आणि खोकं पुन्हा खाली यायला लागलं. टिल्लीवर सावली पडली. टिल्ली घाबरली. पाय हलेनात.

"थांब, शालन!"

नानाआजोबा ओरडले. ते मघापासून जमिनीवर काहीतरी शोधत होते. कोण चावलं, ते शोधत होते. आणि आता त्यांना टिल्ली दिसली होती.

"हीच ती! हीच मला चावली! बघ, अंगठा कसा सुजलाय!"

"अगं बाई! झाडू आणू?"

टिल्लीने बुंदी घट्ट धरली. आजोबा गुडघ्यावर बसले. नाक पार फरशीला लागलं. त्यांनी बघितलं. फटीतून एक डोकं बाहेर आलं. दोन मिशा हलल्या.

"टिल्लीऽऽ! माझं बाळ ते!"

"आईऽऽ!"

नानाआजोबांनी चष्मा नीट केला. त्यांनी दार बघितलं. खोकं बघितलं. आपला अंगठा बघितला.

"झाडू नको, शालन," ते म्हणाले. "आपण हिच्या दारावर खोकं ठेवलं होतं. हिची आई आत, आणि ही बाहेर. मी हिच्या जागी असतो ना, तर मीसुद्धा चावलो असतो!"

काकूंनी तोंडावर हात ठेवला. "मघाशी हीच ओरडत होती वाटतं! आणि मी बघत होते वर!"

मग खोकं गेलं माळ्यावर. काकूंनी नारळ किसला. आजोबांनी चिमूटभर खोबरं टिल्लीच्या दारात ठेवलं. पहिला प्रसाद टिल्लीला. कॉम्प्युटर बघत राहिला.

सगळ्यात शेवटी आजोबांनी बटण लावलं. कोरड्या हाताने. टक्! पडद्यावर उजेड पडला. निळा निळा. आजोबा म्हणाले, "वा!" काकू म्हणाल्या, "वा वा!"

टिल्लीने मात्र बघितलंसुद्धा नाही. ती आईच्या कुशीत होती.

खोकं गेलं माळ्यात, टिल्ली गेली घरात, आणि तू शीर आता पांघरुणात!