ओला टप

“मग उद्या भगवी वस्त्रं कधी घ्यायची, बाबा? उजाडताना, की पूजा झाल्यावर?”

प्रभाकरने पुन्हा विचारलं.

बाबांनी ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. ते शेडमध्ये उभ्या गाडीच्या मागच्या सीटवर मांडी घालून बसले होते आणि समोरचं धुकं बघत होते.

घाटमाथ्यावरचा तो मठ म्हणजे दोन खोल्या, एक पत्र्याची शेड आणि पुढे दरी. बाबा सदानकदा दरीकडे तोंड करून बसत, म्हणून पंचक्रोशी त्यांना दरीबाबा म्हणायची. दुपार कलली की धुकं वर येई, अंगणात शिरे, आणि मग तुळस कुठे, पायरी कुठे, माणूस कुठे, काही पत्ता लागत नसे. नव्या माणसाला वाटे, आपण स्वप्नात आहोत. जुन्याला वाटे, आहोतच की.

गाडी प्रभाकरची. म्हणजे पूर्वीची. कोल्हापुरात त्याची फाउंड्री होती, बंगला होता आणि ही हिरवी, विलायती, कापडी टपाची गाडी होती. टप पुढे ओढला की गाडी बंद, मागे दुमडून मिटला की उघडी. बायको शशिकला गेल्यावर त्याने फाउंड्री पुतण्याच्या हवाली केली आणि गाडी घेऊन इथे आला. गाडी मठाला दिली. स्वतःलाही दिलं.

आता उत्सवात बाबांच्या गुरूंच्या पादुका त्याच गाडीतून मिरवत. लोक पादुकांना हात जोडता जोडता बॉनेटमध्ये आपलं तोंड बघून घेत. प्रभाकर गाडी ठेवायचाच तशी.

टप मात्र कायम मागे मिटलेला. त्यावर खाकी खोळ आणि खोळीची झाडून सगळी टिचबटणं लावलेली.

शशिकला गेली तेव्हा त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. लोक म्हणाले, काय धीराचा माणूस. मठात आल्यावर म्हणू लागले, स्थितप्रज्ञ. सुरुवातीला त्याला तो शब्द टोचला. मग अंगवळणी पडला. मग आवडायला लागला. हल्ली कुणी म्हणायचं विसरलं तर त्याला चुकल्यासारखं होई.

उद्या उत्सव, आणि उत्सवातच त्याचा संन्यास. एकदा भगवी चढली की बायको, बंगला, सगळा पूर्वाश्रम. त्याबद्दल कुणी विचारायचं नसतं. आपणही स्वतःला विचारायचं नसतं. प्रभाकरला तेच हवं होतं, आणि लवकर हवं होतं.

“बाबा, मी काय म्हणतोय…”

“ऐकलं. आधी तू मला एक शिकीव.”

“मी? तुम्हाला?”

“उद्यापासनं तू सन्याशी. गाडी पुसायचं काम माज्याकडं येनार. मग शिकाय नको व्हय?”

प्रभाकर हसला. बाबा हसले नाहीत. ते गाडीतून उतरले, शेडच्या जमिनीवर त्याच्यासमोर बसले आणि त्यांनी हात जोडले.

प्रभाकर अवघडला. पण आपल्याला येतं ते कुणी विचारलं, की भल्याभल्यांना राहवत नाही. त्याने दोरीवरची फडकी काढली.

“ही काचेची, ही पत्र्याची, ही चाकांची. एकमेकांत मिसळायची नाहीत. जमिनीवर पडलेलं फडकं न धुता गाडीला लावायचं नाही. वाळूचा एक कण पुरतो. जन्माचा ओरखडा उठतो.”

“धुवायची कशी?”

“साध्या पाण्यात, जरासा साबण. कपडे मऊ करायचं ते सुगंधी पाणी मिळतं ना, ते अजिबात घालायचं नाही.”

“का रं? वास चांगला येतो की त्याला.”

“वास येतो. हातालाही मऊ लागतं. पण मग फडकं पाणी पीत नाही. नुसतं इकडचं तिकडे सरकवतं.”

“आनि दिसतं कसं?”

“दिसायला एकदम झकास.”

बाबा त्याच्या तोंडाकडे बघत राहिले…

“बरं. वाळवायचं कसं?”

“पिळायचं नाही. पीळ दिला की धागा मरतो. ओलं तसंच दोरीवर टाकायचं. पाणी आपलं आपण जातं.”

“पिळायचं न्हाई. ओलं तसंच दोरीवर…” बाबांनी डोळे मिटून, पाढा घोकावा तसं घोकलं. “आता टप.”

प्रभाकरने घसा साफ केला.

“टप मऊ ब्रशने झाडायचा. कापडाच्या वळणाने, उलटा नाही. फडक्याने घासायचा नाही, तंतू चिकटतात. पाखरांची घाण पडली तर भिजवून काढायची, खरवडायची नाही. आणि मुख्य म्हणजे…”

तो थांबला.

“मुख्य काय?”

“ओला टप मिटायचा नाही.”

“मिटला तर?”

“आतल्या आत बुरशी धरते. घडीवर काळे डाग पडतात. कुबट वास मारतो. कितीही घाई असो, पूर्ण वाळू द्यायचा आणि मगच मिटायचा. एक वेळ प्रवास रद्द करावा, पण…”

धुकं शेडमध्ये आलं होतं. गाडीचं बॉनेट दिसेनासं झालं.

“ह्यो टप तू वाळवून मिटला हुतास?”

प्रभाकरपाशी सगळ्याची उत्तरं असत. कुणी मरणाबद्दल विचारलं तर गीतेतला श्लोक तयार असे. आत्ता तो खोळीवरून नुसता हात फिरवत राहिला.

“तो मिटलेलाच बरा, बाबा. पादुका उघड्या गाडीतच शोभतात.”

“उद्या धुकं असनार. पादुका भिजतील. टप वढ.”

“छत्री धरतो मी.”

“टप वढ, परभाकर.”

“आणि नाही ओढला तर?”

स्वतःचा आवाज ऐकून तो दचकला. या मठात त्याने आजवर उलट शब्द काढला नव्हता.

“तर न्हाई,” बाबा म्हणाले. “भगवी पेटीत हाय. पेटीला काय घाई न्हाई.”

दरीत कुठेतरी एक गुरं वळणारा माणूस हाका घालत होता. हाक धुक्यात शिरायची आणि भलत्याच दिशेने बाहेर पडायची.

मग टिचबटणाचा आवाज झाला. टिच. पुन्हा एक. पुन्हा एक.

खोळ निघाली. प्रभाकरने दोन्ही हातांनी टपाची कमान धरली आणि ओढली. टप हलेना. कापड कापडाला घट्ट धरून बसलं होतं. त्याने जोर केला, तसा तो कुरकुरत, एकेक घडी सोडवत वर आला आणि धुक्यात पसरला.

घडीघडीवर काळे डाग. आणि वास.

“निघेल हे,” प्रभाकर भराभर बोलायला लागला. “व्हिनेगरचं पाणी करायचं, पातळ. हलक्या हाताने ब्रश. मग उन्हात… ऊन हवं. ऊन पडलं की…”

“वास घे,” बाबा म्हणाले.

“बुरशीचा आहे, बाबा.”

“घे.”

त्याने टपाला नाक लावलं. आणि तो त्या सकाळी जाऊन उभा राहिला.

आंबोलीचं विश्रामगृह. रात्रभर धुक्यात उभी असलेली गाडी, टप निथळतोय. शशिकला अंगावर शाल घेऊन पायरीवर उभी. टप काढा ना, म्हणाली, ढगातून जाऊ. तो म्हणाला, ओला आहे, ऊन येईपर्यंत थांबू. ती हसली. तुमचा टप आणि तुमची फडकी, म्हणाली. आयुष्यभर वाळायचीच वाट बघितली आपण.

आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याने आपला नियम मोडला. ओला टप तसाच मिटला. टिचबटणं लावली.

ते ढगातून निघाले. झाडं समोरून यायची आणि विरघळायची. तिच्या केसांवर बारीक थेंब बसले होते. ती काहीतरी गुणगुणत होती, त्याला ते गाणं ओळखू येत नव्हतं, आणि विचारावंसंही वाटलं नाही, इतकं ते बरं चाललं होतं. एका वळणावर तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. गुणगुणणं थांबलं. त्याला वाटलं, झोप लागली.

तिची झोपमोड होऊ नये म्हणून तो गाडी हळू चालवत राहिला. खड्डे चुकवत. हॉर्न न वाजवता. थेट आजऱ्यापर्यंत.

“झोपलीय असं वाटलं हो मला,” प्रभाकर म्हणाला. “मी गाडी हळू चालवली, बाबा. हळू चालवली मी…”

इतकी वर्षं अडलेलं सगळं एकदम आलं. तो मागच्या सीटवर कोसळला आणि त्या डागाळलेल्या टपाखाली, लहान मुलासारखा, आवाज काढून रडला. हाताला लागलं ते फडकं त्याने तोंडावर दाबून धरलं.

बाबा शेजारी येऊन बसले. त्यांनी पाठीवर हात ठेवला नाही की समजूत घातली नाही. बाहेर काही दिसत नव्हतं, गाडी उभी आहे की चाललीय तेही कळत नव्हतं. कुणास ठाऊक, चाललीही असेल.

संध्याकाळ झाली. धुकं दरीत उतरलं. तुळस दिसली, मग पायरी, मग पत्र्याच्या कडेवरचं मावळतं ऊन.

प्रभाकर उठला. त्याला आता भयंकर लाज वाटत होती. हातातलं काचेचं फडकं चिंब झालं होतं. त्याने शर्ट नीट केला, घसा खाकरला आणि पुन्हा तो मऊ, मठातला आवाज आणायचा प्रयत्न केला. आवाज आला नाही, घोगराच शब्द निघाला.

“माफ करा, बाबा. असं व्हायला नको होतं. तेवढं… कुणाला सांगू नका. उद्याचं काय ते…”

बोलता बोलता त्याने ते फडकं दोन्ही मुठींत धरलं आणि पीळ द्यायला घेतला.

बाबांनी त्याच्या मुठींवर हात ठेवला.

“पिळू नको,” ते म्हणाले. “ओलं तसंच दोरीवर टाक.”