शिंप्याची वीस मिनिटं

नदीकाठी वसलेल्या एका छोट्या गावात शांतवन नावाचा शिंपी राहत होता. त्याचं दुकान चर्चच्या अगदी समोर होतं. मुलगी रूथ हिचं लग्न ठरलं, तेव्हा शांतवनचं वय अठ्ठेचाळीस होतं. लग्नाला पाच महिने होते. त्याच्या मनात आलं, की मुलगी चर्चमध्ये पाऊल टाकेल तेव्हा पियानो आपण स्वतः वाजवायचा. आजवर त्याने पियानोच्या पट्टीला बोटही लावलं नव्हतं.

चर्चचा पियानो एस्तेरबाई वाजवत. त्या सत्तरीच्या होत्या. त्यांनी शांतवनला चार ओळींचं एक सोपं गीत निवडून दिलं आणि विचारलं, "रोज किती वेळ काढाल?"

"दुपारी गिऱ्हाइकं जेवायला जातात, बाई. साडेबारानंतर वीस मिनिटं मिळतील."

"पुरेत. पण ती वीस मिनिटं या गीताचीच हवीत."

त्याच आठवड्यात निवृत्त पोस्टमास्तर देवदान हेही शिकायला आले. आयुष्यभर शिक्के मारून त्यांची बोटं ताठरली होती. पण त्यांना वेळच वेळ होता. सकाळी दहा ते बारा ते पियानोपुढे बसत आणि त्यांचा एकेक सूर शांतवनच्या दुकानात ऐकू येई.

पहिले काही दिवस शांतवनला गंमत वाटली. मग मास्तरांचा उजवा हात सुटा झाला. मग त्यांनी डावा हातही लावला. शांतवनच्या पोटात दुखू लागलं. कात्री चालवताना त्याचा कान समोर असे. 'माझ्याकडे दोन तास असते, तर मी याच्या कितीतरी पुढे असतो,' असं तो दिवसभर घोकत राही. एकदा त्या नादात त्याने पाटलांच्या सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या शिवल्या.

दुपारी बाई घरी जेवायला जात. तेव्हा स्वतः बसला, की तो आपलं गीत बाजूला ठेवी आणि सकाळी मास्तरांनी जे वाजवलं, तेच वाजवायला बघे. ते जमत नसे. वीस मिनिटं संपत आणि तो चरफडत दुकानात परते.

एक दिवस मास्तर सदरा टाचायला दुकानात आले. खुशीत होते. म्हणाले, "शांतवन, आज अख्खं पान न थांबता वाजवलं बघ!"

शांतवनच्या तोंडून निघून गेलं, "मास्तर, राग मानू नका. पण बाई म्हणत होत्या, तुमच्या ठणठणाटाने त्यांचं डोकं उठतं. भिडेपोटी बोलत नाहीत, इतकंच."

मास्तरांचा चेहरा उतरला. "बरं झालं सांगितलंस," एवढंच ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते शिकायला आले नाहीत, आणि रविवारीही प्रार्थना संपताच बाईंना टाळून निघून जाऊ लागले.

आता सकाळी पियानो रिकामा असे. शांतवन एकदा दहा वाजताच दुकान सोडून तिकडे गेला. पाच मिनिटांत दुकानाच्या दाराशी तीन गिऱ्हाइकं हाका मारत उभी राहिली आणि त्याला परत यावं लागलं. पुन्हा त्याने तो नाद केला नाही. मास्तरांचे दोन तास तसेच ओस पडून राहिले. दुपारी बसला, तरी त्याचं लक्ष दाराकडे असे. मास्तर आणि बाई समोरासमोर आले तर?

एस्तेरबाईंनी विचारलं, "मास्तर का येत नाहीत, काही कळलं का?"

"नाही, बाई."

लग्नाला एक महिना उरला. बाई म्हणाल्या, "आता ते गीत ऐकवा." शांतवनने सुरुवात केली आणि पहिल्या ओळीच्या अर्ध्यातच तो अडखळला. पुन्हा केली, पुन्हा अडखळला.

"चार महिने झाले, शांतवनभाऊ. तुम्ही रोज वाजवत काय होतात?"

बाईंनी सुस्कारा सोडला. "माझंच शिकवणं आता कमी पडतं वाटतं. मास्तरही न सांगता निघून गेले. मीच त्यांना काही लागट बोलले असेन. रोज आठवून बघते, पण आठवत नाही."

त्या म्हाताऱ्या बाईचे पाणावलेले डोळे शांतवनला पाहवेनात. "तुम्ही काही बोलला नाहीत, बाई," तो म्हणाला. "मी खोटं सांगितलं त्यांना. त्यांचा हेवा वाटला म्हणून."

बाईंनी पियानोचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "हे मला सांगून काय उपयोग? त्यांच्याकडे जा."

तो तसाच मास्तरांच्या घरी गेला. दार उघडंच होतं. जेवणाच्या टेबलावर मास्तरांनी खडूने आणि कोळशाने पियानोच्या पट्ट्या आखल्या होत्या, काळ्या आणि पांढऱ्या. ते त्या लाकडावर बोटं चालवत होते. कसलाही आवाज येत नव्हता.

शांतवनला पाहून ते ओशाळले. "यात आवाज नाही होत," ते म्हणाले. "कुणाला त्रास नको."

शांतवन दारातच खाली बसला. मान वर न करता त्याने सगळं सांगितलं. ऐकता ऐकता मास्तरांची बोटं थांबली.

"मग माझे दोन तास तुला मिळाले का?" त्यांनी विचारलं.

"नाही, मास्तर."

"आणि तुझी वीस मिनिटं?"

शांतवनच्या डोळ्यांतून पाणी आलं. "ती तर मी पहिल्या महिन्यापासूनच तुमच्याकडे बघण्यात घालवली."

मास्तरांनी त्याला लगेच माफ केलं नाही. "मला राग आलाय. तो जायला वेळ लागेल," ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी दहाला चर्चमधून पियानो ऐकू आला. शांतवनचा कान तिकडे गेला, जुना हेवा क्षणभर डोकावलाही. त्याने मशीनवर पाय मारला आणि हातातली शिवण पुरी केली.

साडेबाराला तो बाईंनी दिलेलं गीत घेऊन बसला. एका आठवड्यात एक ओळ, फक्त उजव्या हाताने. चार आठवड्यांत चार ओळी झाल्या.

लग्नाच्या दिवशी त्याने ते गीत वाजवलं. इतकं सावकाश, की रूथला दोन पावलांमध्ये थांबावं लागत होतं. तिसऱ्या ओळीत एक सूर चुकलाही. रूथ हसली आणि सूर सापडेपर्यंत उभी राहिली. मग बापाने शेवटची ओळ नीट पुरी केली.

जेवणाच्या पंगतीत मास्तर शेजारी येऊन बसले. इतक्या दिवसांत ते आपण होऊन पहिल्यांदाच बोलले.

"तिसऱ्या ओळीत चुकलास."

"हो, मास्तर."

"सोमवारी बसशील तेव्हा तेवढं नीट कर."

तात्पर्य: दुसऱ्याच्या वाट्याचा वेळ हिरावून घेतला, तरी तो आपला होत नाही, आणि त्याचा हेवा करण्यात आपल्या वाट्याचा थोडा वेळ मात्र कायमचा हातून जातो.