बुडालेली होडी दाखवा!

विमा उतरवलेली होडी वादळात बुडाली, तशी आमच्या बंदरातली चांगुणा कोळीण भरपाई मागायला गेली. होडी गेली म्हणजे घरची चूलच विझली की हो! पण विम्याचे टायवाले साहेब म्हणाले, “आधी बुडालेली होडी दाखवा.”

“चला, दाखवते!”

तिनं साहेबांना माझ्या होडीत बसवलं. बुडत्या होडीला तिनं बांधलेला खुणेचा बोया भर समुद्रात तरंगत होता.

“होडी याच्या खाली आहे. पाहणी कंपनीनं करायची, असं तुमच्याच कागदात छापलंय. आता उतरा!”

मी म्हातारा चावट, मुद्दाम होडी डोलवली. साहेबांनी फळीला मिठी मारली.

“दिसली हो बाई, स्पष्ट दिसली!”

“मग सही इथंच करा, साहेब. किनाऱ्यावर गेलं की माणसाची नजर अधू होते.”

अशी आमच्या बंदराची लेक!