मोकळा पाळणा

सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

“मग सांग, पाळणा म्हणजे काय?” शंभुगीरबुवांनी विचारलं.

हेमगीर गालातल्या गालात हसला. बारा वर्षं पोथ्या घोकून हेच विचारायचं? पण उत्तर मनासारखं आलं तर उद्यापासून मठात प्रवचनाला तोच बसणार होता. तसं बुवांनीच कबूल केलं होतं.

मठाच्या ओसरीवर पाळणा टांगलेला होता, कोरा. कुंभारांची सगुणा तो कुणा गरजवंताला द्या म्हणून घेऊन आली होती. तिची तान्ही लेक दहाव्या दिवशीच गेली. बाराव्याला बारसं व्हायचं होतं, तेव्हा पाळण्यात घालणार होते. दोर तपासायला म्हणून बुवांनी पाळणा कडीला अडकवला आणि सगुणा खांबाला टेकली.

“पालन या शब्दावरून पाळणा,” हेमगीर खड्या आवाजात म्हणाला. “पालन म्हणजे राखणं. बाळाला राखतो तो पाळणा.”

“राखणारा दोन दिवस उशिरा आला म्हणायचा, महाराज,” सगुणा म्हणाली.

“बाई, इथं शब्दाचं चाललंय.”

बुवा पाळण्याच्या दोराची गाठ चाचपत राहिले.

हेमगीरला वाटलं, अजून फोड करून सांगायला हवं. तो उठला. “हे बघा, असा...” म्हणत त्यानं पाळण्याला झोका दिला.

मोकळा पाळणा करकरत गेला.

परत यायच्या आत सगुणानं धावत जाऊन तो दोन्ही हातांनी धरला.

“मोकळा हलवतात होय कधी? बाळाला बाधतं!”

“तू हलवला होतास?” हेमगीरनं विचारलं.

“नाही हो. वाऱ्यानंसुद्धा हलू नये म्हणून दोर बांधून ठेवले होते मी.”

“मग? तरी गेलीच ना?”



“गेली,” सगुणा म्हणाली. पाळणा तिनं सोडला नाही. “तरी हलवू नका. यात दुसऱ्या कुणाचं बाळ निजायचंय.”

हेमगीरनं मान खाली घातली. मग पुटपुटला, “बुवा, उद्याचं प्रवचन...?”

बुवांनी पाळणा कडीवरून काढला आणि त्याच्या डोक्यावर दिला.

“सुतारांच्या घरी परवा बारसं आहे. तिथं नेऊन दे. पाळण्याचा अर्थ कुंभारांच्या सगुणानं सांगितलाय म्हणावं... आणि पुढे कुणाला दिलात, तर तिचं बोलणंही सांगूनच द्या म्हणावं.”